बॉक्स घेण्याआधी आठ दिवस वही घाला

२००६ पासून मी सांगली-मिरजेच्या गच्च्यांवर छत्र्या बसवतोय. छत्री म्हणजे डिश. आमच्याकडं सगळे छत्रीच म्हणतात, त्यामुळं पावसाळ्यात कुणाचा फोन आला की "छत्री दुरुस्त करायचीय", तर मला आधी विचारावं लागतं, कुठली?

लोक पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला: "कुठला बॉक्स चांगला?" मी उलट विचारतो, घरात बघतं कोण आणि काय? ही सवय मला एका वस्तादांनी लावली. कवठेपिरान, म्हणजे हिंदकेसरी मारुती मान्यांचं गाव, त्या बाजूला त्यांचं घर. मुलगा पुण्याला. त्यानं फोनवर सांगितलं, "बाबांना खेळाची आवड आहे, सगळे स्पोर्ट्स चॅनेल टाका." मी टाकले. एचडीसकट टाकले. महिन्यानं वस्तादांचा स्वतःचा फोन. "लेका, कुस्ती कुठं हाय? हितं तर निसती बॅटबॉल. अन् ते गोरे लोक काठीनं चेंडू ढकलत्यात." गोल्फ बघत बसले होते बिचारे, मध्येच कुस्ती लागेल म्हणून.

त्यांना हवी होती आपल्याकडच्या जत्रांतल्या मैदानांची कुस्ती. ती स्पोर्ट्स चॅनेलवर क्वचित लागते, यूट्यूबवर थेट असते. गावोगावची पोरं कॅमेरा लावून पूर्ण मैदान दाखवतात, अगदी हलगीसकट. वस्तादांच्या गल्लीत फायबरचं नेट आलेलं होतं. टीव्हीच्या मागं नेटवरचं टीव्हीवर दाखवणारी एक स्टिक खोचली, माइकचं बटण दाबून "कुस्ती मैदान" म्हणायला शिकवलं, आणि सगळा स्पोर्ट्स पॅक काढून टाकला. बिल निम्म्याखाली आलं. माझं कमिशनही खाली आलं, पण ते जाऊ दे.

तेव्हापासून मी वही घालायला सांगतो. शंभर पानी वही, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल, टीव्हीशेजारी. आठ दिवस. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ काही बघितलं तर वेळ, चॅनेल आणि बघणाऱ्याचं नाव लिहायचं. बदलत बदलत गेलेलं लिहायचं नाही. सांगलीत विश्रामबागला एका घरी साडेतीनशे चॅनेलांचा पॅक होता, वहीत आले चौदा. त्यातले तीन दूरदर्शनचे, म्हणजे फुकटचे. वही बघून घरातली मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. "मी बातम्या एवढ्या बघतो?" असं काकांनी विचारलं, तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत.

आता वही भरली असेल तर पुढं.

वहीत सह्याद्री, बातम्या, एखादं हिंदी सिनेमाचं चॅनेल आणि भारताच्या मॅचेस एवढंच असेल, तर डीडी फ्री डिश घ्या आणि मोकळे व्हा. दूरदर्शननं ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू केली, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. छत्री, एलएनबी (छत्रीपुढच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा), बॉक्स, वायर आणि माझी मजुरी धरून दीड-दोन हजारांत काम होतं. त्यानंतर महिन्याला शून्य रुपये. खासगी चॅनेल लिलावातून येतात, त्यामुळं यंदा दिसलेलं चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. अधूनमधून बॉक्स नव्यानं स्कॅन करायचा. घेताना एमपेग-४ चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा बॉक्स मागा. जुना एमपेग-२ चा स्वस्तात कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, त्यावर बरेच चॅनेल येतच नाहीत.

फ्री डिशची खरी गंमत मॅचच्या दिवशी कळते. दर मालिकेला मला हा फोन येतो: "शेजाऱ्याकडं डीडी स्पोर्ट्सवर मॅच लागलीय, आमच्याकडं त्याच डीडी स्पोर्ट्सवर काहीतरी भलतंच चाललंय. बॉक्स बिघडला काय?" बॉक्स ठणठणीत असतो. २००७ चा एक कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेलाही द्यावं लागतं. पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्या यादीत आहेत. कसोटी मात्र सगळ्या नाहीत, सरकार ज्यांना महत्त्वाच्या ठरवेल तेवढ्याच. ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धाही आहेत. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हे मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शननं फक्त आपल्या जमिनीवरच्या (साध्या अँटेनावर येणाऱ्या) प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर, म्हणजे कंपन्यांच्या छत्र्यांवर नाही. म्हणून महिन्याला पाचशे भरणाऱ्याच्या डीडी स्पोर्ट्सवर मॅच नसते आणि फुकटवाल्याच्या असते. हे समजावून सांगताना पाचशेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आयपीएल त्या यादीत नाही. प्रो कबड्डीही नाही. घरात आयपीएलचा वेडा असेल तर फ्री डिशवर भागणार नाही, हे आधीच सांगतो.

मग स्पोर्ट्स चॅनेल कुठले? हक्क दर काही वर्षांनी फिरतात, पण सध्याचा हिशोब साधा आहे. आयपीएल, भारतात होणारे भारताचे सामने, आयसीसीच्या स्पर्धा आणि प्रो कबड्डी हे सगळं स्टार स्पोर्ट्सकडं. एशिया कप सोनीकडं. न्यूझीलंडमधले सामनेही सोनीकडं, पण तिथली कसोटी आपल्याकडं पहाटे साडेतीनला सुरू होते. त्यासाठी पैसे भरण्याआधी आपण खरंच उठणार आहोत का, ते स्वतःला विचारा. २०२५ च्या उन्हाळ्यातला इंग्लंड दौराही टीव्हीवर सोनीवर होता. फुटबॉलचं वेड असलेलं पोरगं घरात असेल तर त्याला लीग विचारा: इंग्लंडची प्रीमियर लीग स्टारच्या सिलेक्ट चॅनेलांवर, चॅम्पियन्स लीग सोनीवर. टेनिसचंही असंच फाटलंय, विंबल्डन स्टारकडं आणि ऑस्ट्रेलियन ओपन सोनीकडं.

माझा सल्ला असा. क्रिकेटपुरतं बघणाऱ्या घराला हिंदी समालोचनाचं स्टार स्पोर्ट्सचं एक चॅनेल बारा महिने पुरतं. सोनी ज्या महिन्यात मालिका असेल त्याच महिन्यात घ्यायचं. पॅकच घ्यायला पाहिजे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १ फेब्रुवारी २०१९ पासून एकेक चॅनेल सुटं घ्यायचा हक्क आपल्याला आहे, आणि प्रत्येकाची किंमत जाहीर असते. त्याशिवाय जोडणीचा एक ठरावीक आकार असतो. तो पूर्वी ठरावीक चॅनेलांपर्यंत १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, यापेक्षा जास्त लावता येत नव्हता. जुलै २०२४ मध्ये ती मर्यादा काढली, म्हणून आता कंपनीगणिक तो विचारून घ्या. कंपनीच्या ॲपमध्ये सुट्या चॅनेलांचा पर्याय असतोच, फक्त तो चार पानं आत दडवलेला असतो. घरात आयपीएलपुरतंच बघत असाल, तर मेच्या शेवटी ती संपली की त्याच पानावर जाऊन ते चॅनेल काढून टाकायचं. माझ्या ओळखीतले निम्मे लोक दिवाळीपर्यंत तेच पैसे भरत राहतात.

रिचार्ज मात्र मॅचच्या दोन दिवस आधी करा. २ नोव्हेंबर २०२५, रविवार, महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत नवी मुंबईत. स्मृती मानधना सांगलीत वाढलेली, त्यामुळं त्या दिवशी इथं काय वातावरण होतं ते सांगायला नको. पावसामुळं मॅच उशिरा सुरू झाली आणि त्या उशिराच्या वेळातच माधवनगरहून एका घरचा फोन, पडद्यावर नुसती सूचना येतेय. रिचार्ज संपलेला. ताईंनी पैसे भरले होते, पण भरताना बॉक्स बंद होता. रिचार्ज केल्यावर बॉक्स चालू ठेवून, घेतलेलंच एखादं चॅनेल लावून पंधरा-वीस मिनिटं तसंच सोडायचं, तेव्हा वरून आलेला आदेश बॉक्सला मिळतो. लोक घाबरून चारदा बंद-चालू करतात आणि आणखी उशीर करून घेतात. मी फोनवरच सांगितलं, "ताई, रिमोट खाली ठेवा आणि चहा टाका." चहा उकळायच्या आत चित्र आलं. मध्यरात्री भारत ५२ धावांनी जिंकला, तेव्हा त्यांच्याकडचा फटाक्यांचा आवाज मला फोनवर ऐकवला.

शहरात गल्लीत केबल चांगली असेल तर छत्रीच्या फंदात पडू नका. पावसात केबल जास्त टिकते, कारण केबलवाल्याची मुख्य छत्री भलीमोठी असते. तिची दुखणी वेगळी. मधल्या खांबावरच्या ॲम्प्लिफायरची वीज गेली की तुमच्याकडं लाइट असूनही टीव्ही बंद. आणि नेटवर बघायचं म्हणाल तर चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागं असतं. शेजारी ओरडला की तुम्हाला विकेट कळते, मग ती दिसते. एचडीत तासाला साधारण दोन-तीन जीबी जातात, मोबाइलच्या डेटावर अख्खी मॅच बघायचा विचार सोडा.

आता गच्चीवर चला, कारण स्वतः छत्री बसवायची हौस असणारे पुष्कळ आहेत आणि मला त्यांचं कौतुक आहे.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. सांगलीतून तो आग्नेयेला येतो. मोबाइलच्या होकायंत्रात १३० अंशांच्या आसपास धरा. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडशेजारी उभं राहून होकायंत्र बघू नका, ते खोटं बोलतं. उंची साधारण साठ अंश. माझी युक्ती: आग्नेयेकडं तोंड करा, हात सरळ समोर धरा, मग डोक्याच्या दिशेनं वर न्या आणि दोन-तृतीयांश वाटेवर थांबा. बोटासमोर फांदी, टाकी, शेजाऱ्याचा जिना काही येत असेल तर जागा बदला. छत्रीच्या तोंडावरून दिशा ओळखायला जाऊ नका. ही छत्री जिकडं बघतेय असं वाटतं, त्याच्या बऱ्याच वर ती बघत असते. शेजारच्या गच्चीवरची कंपनीची छत्री बघून तशीच लावू असंही करू नका. कुठल्या कंपनीचा उपग्रह ८३ अंशांवर, कुठल्या कंपनीचा १०८ वर. तोंडं सगळ्यांची साधारण एकीकडं दिसतात, पण एवढासा फरक पुरतो.

जागेच्या बाबतीत मी स्वतः फसलोय. तासगावला आक्काच्या घरी उन्हाळ्यात छत्री बसवली. आग्नेयेला शेवगा होता, पण नुकताच छाटलेला, बुंधाच काय तो उभा. मी बघितला आणि सोडून दिला. ऑगस्टमध्ये त्याच शेवग्यानं गच्चीवर हिरवा मांडव घातला. वारा आला की पानं हलायची आणि चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. दाजी आलेल्या-गेलेल्याला सांगायचे, "मेव्हण्यानं बसवलीय, वाऱ्यावर चालते." शेवटी छत्री दुसऱ्या कोपऱ्यात हलवली, शेवग्याच्या शेंगांची पिशवी घेऊन परत आलो.

छत्री फिरवताना सगळे एक चूक करतात. वर एकजण पाना घेऊन, खाली एकजण टीव्हीसमोर, आणि जिन्यात निरोप द्यायला नातू. "आलं!" "गेलं!" "आलं आलं!" "काका, गेलं!" वरचा माणूस सारखा हलवत राहतो. डिजिटल बॉक्सला सिग्नल ओळखायला तीन-चार सेकंद लागतात. नातू "आलं" ओरडेपर्यंत छत्री पुढं सरकलेली असते. म्हणून बोटभर हलवायचं, थांबायचं, मनात चार आकडे मोजायचे, मग पुन्हा बोटभर. नट पूर्ण ढिला करू नका, जोर लावला तर सरकेल इतपत ठेवा. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंग्थची आणि एक क्वालिटीची. स्ट्रेंग्थची पट्टी छत्री आभाळात कुठंही बघत असली तरी भरते, तिला भुलू नका. क्वालिटी वर आली पाहिजे. आल्यावर एलएनबी तिच्या पकडीत किंचित फिरवून बघा, आणखी पाच-सात टक्के मिळतात. मग नट आवळा, पण एकेक करून, पट्टीवर लक्ष ठेवून. आवळताना छत्री हमखास हलते.

वायर जोडताना बॉक्सचा प्लग काढा, कारण त्याच वायरीतून वर एलएनबीला वीज जाते. कनेक्टरमध्ये बाहेरच्या जाळीची एक तार जरी मधल्या तांब्याला चिकटली तरी शॉर्ट. एलएनबीजवळ वायरीला खाली झोका द्या, म्हणजे पाणी झोक्यावरून टपकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. माझ्याकडं येणाऱ्या पावसाळी तक्रारींत सगळ्यात जास्त त्या कनेक्टरमधल्या हिरव्या बुरशीच्या असतात. आणि धो धो पावसात दहा-वीस मिनिटं चित्र गेलं तर छत्रीला हात लावू नका. तो पावसाचा दोष. पाऊस ओसरला की आपोआप येतं, पण तोवर तुम्ही छत्री हलवलेली असेल तर मात्र नाही.

खाली घरात एक गोष्ट तपासा. लोक एचडीचे पैसे भरतात आणि बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीनं जोडतात. पिवळ्या वायरीतून एचडी येतच नाही. एचडीएमआयची वायर पाहिजे, दोनशे रुपयांची साधी चालते. मालिकांना एचडी नसलं तरी काही बिघडत नाही, खरा फरक क्रिकेटच्या चेंडूत आणि हॉकीत दिसतो. टीव्हीत "स्पोर्ट्स" नावाचा मोड असतो, तो लावला की मैदान पोपटी होतं. मी साधा स्टँडर्ड मोड लावून देतो.

राहिलं सातच्या मालिकेचं आणि साडेसातच्या आयपीएलचं भांडण. दुसरा टीव्ही, दुसरा बॉक्स हा महागातला तोडगा. स्वस्तातला म्हणजे पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा बॉक्स. फ्री डिशच्या कितीतरी बॉक्सना मागं ती सोय असते, लोकांना माहीत नसते. रेकॉर्ड चालू असताना त्याच बॉक्सवर दुसरं चॅनेल बहुतेक लागत नाही, आणि आयपीएल फ्री डिशवर नसतेच, म्हणून सासूबाईंची मालिका फ्री डिशवर रेकॉर्ड करायची, मॅच दुसऱ्या जोडणीवर किंवा नेटवर थेट बघायची. मॅच रेकॉर्ड करून बघण्यात अर्थ नाही, निकाल गल्लीत कळतोच.

आणि कुणाकडं जुन्या मालिकांच्या डीव्हीडींचे संच असतील तर भंगारात घालू नका. विश्रामबागच्या एका निवृत्त सरांकडं कपाटभर आहेत, मॅच नसेल त्या संध्याकाळी ते आणि बाई रोज दोन भाग बघतात. नव्या टीव्हीला तीन रंगांची भोकं नसतात, एकच छोटं भोक असतं. त्याला टीव्हीबरोबर आलेली आखूड वायर लागते, ती खोक्यात पडलेली असते, म्हणून खोकं टाकू नका. तबकडी पुसताना मधून कडेकडं सरळ पुसायची, गोल गोल नाही. पावसाळ्यात त्या आडव्या थप्पीत ठेवल्या की बुरशी धरते, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

नदीकाठच्यांसाठी शेवटचं. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. त्यानंतर महिनाभर मी चिखलातले बॉक्स उघडत होतो. ज्यांनी वाळायच्या आत प्लग लावून बघितला त्यांचे गेले. ज्यांनी पंधरा दिवस पंख्याखाली ठेवले त्यांचे काही वाचले. पुलाजवळची पातळी चाळीस फुटांवर गेल्याचं कळलं की वरची छत्री राहू द्या, खालचा बॉक्स, ॲडाप्टर आणि एचडीएमआयची वायर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाका. बॉक्सच्या पाठीवरचा नंबर आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तो सांगितल्याशिवाय कंपनी फोनवर पुढं बोलत नाही. आणि रिमोट त्याच पिशवीत घाला. दर पुरात बॉक्स वाचतात आणि रिमोट सोफ्यावर राहतात.